शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या घराघरांत रूढ आहे, आणि स्वयंपाकघरापुरती ती खरीही आहे. पातेल्याखालचा विस्तव सर्वत्र सारखा लागला असेल, पाणी सगळीकडे सारखे मुरले असेल, तर एक शीत चेपून पाहिले असता साऱ्या भाताची स्थिती कळते. परंतु भात एका अंगाने करपला आणि दुसऱ्या अंगाने कच्चा राहिला असेल तर? अशा वेळी मधले एक शीत काढून "भात झाला" असे म्हणणारी सुगरण निम्म्या घराला उपाशी ठेवील. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या आरोग्याविषयी जे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, ते बहुधा असेच मधले शीत असते. प्रस्तुत लेखात सांगावयाचे ते एवढेच की, जिल्ह्याची सरासरी म्हणजे गावाची स्थिती नव्हे. गावाची स्थिती गावानेच मोजली पाहिजे, आणि जे मोजले ते गावाच्या हाती राहिले पाहिजे.

आपला जिल्हा एकजिनसी नाही, हे येथल्या शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तालुके तेरा, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या २५,८६,२५८. बोलताना आपण सहज "घाटावरचा" आणि "घाटाखालचा" असा भेद करतो. तो केवळ हवेचा किंवा बोलीचा भेद नव्हे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या बाजूस उन्हाळा लागला की कित्येक विहिरी आटतात. घाटाखाली नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखाली पाणी असते, पण पुष्कळ ठिकाणी ते खारे. त्याहून उत्तरेस सातपुड्याच्या अंगाखांद्यावर भिंगारा, चाळीसटापरी यांसारख्या आदिवासी वस्त्या आहेत; तेथे दवाखाना किती कोसांवर आणि पावसाळ्यात वाट चालू राहते की नाही, हाच आरोग्याचा पहिला प्रश्न. पाण्याचा तुटवडा, पाण्याचा खारेपणा आणि दवाखान्याचे अंतर ही तीन निरनिराळी दुःखे होत. तिन्हींची बेरीज करून तिनाने भागिले, तर जो आकडा निघेल तो या तिन्हींपैकी एकाही ठिकाणच्या माणसाचे दुःख सांगणार नाही.

सरकार मोजणी करीत नाही असे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची मोठी पाहणी देशात वेळोवेळी होते, आणि २०१५-१६ च्या फेरीपासून देशातील सर्व जिल्ह्यांचे आकडे तीत निराळे मिळू लागले. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील ३१,६४३ घरे पाहिली गेली. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी येथे पाटी हाती घ्यावी. जिल्हे ३६, म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्यास सरासरी सुमारे ८७९ घरे आली. आपल्या जिल्ह्यात हजाराहून अधिक गावे आहेत. अर्थात गावामागे एक घरसुद्धा पडत नाही! यात पाहणी करणाऱ्यांचा दोष नाही. बुलढाणा जिल्हा अकोल्याच्या पुढे की मागे, या प्रश्नाचे उत्तर अशा पाहणीतून बऱ्यापैकी मिळते, आणि ते मिळावे म्हणूनच ती योजिलेली असते. परंतु संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या गावी मुले वारंवार आजारी का पडतात, हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नसतो. मग तिने उत्तर तरी कोठून द्यावे? आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

मोजणीने काय साधते, याचे एक उदाहरण अगदी ताजे आणि आपल्या उंबऱ्याशी घडलेले आहे. २०२४ च्या डिसेंबराच्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. पाहता पाहता काहींची डोकी पार ओकी झाली. लहान मुले, बाया, म्हातारी माणसे, कोणीच सुटले नाही. पुढे १८ गावांतील २७९ माणसांना ही व्याधी जडल्याची नोंद झाली. आरंभी तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे साबण-शांपू वाईट, कोणी म्हणे बुरशी, कोणी म्हणे पाणी. पाण्यात नायट्रेट व क्षार यांचे प्रमाण अधिक आढळले खरे. पण पाणी तर वर्षानुवर्षे तेच होते, मग व्याधी याच हिवाळ्यात का यावी? दरम्यान भयाने आपले काम चालविलेच होते. या गावांशी सोयरीक जोडण्यास लोक कचरू लागले, मुले शाळेत जाण्यास लाजू लागली, अशी वृत्ते वर्तमानपत्रांतून आली. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची माणसे घरोघर फिरली, याद्या झाल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले, रक्त, केस, पाणी, माती व धान्य यांचे नमुने गेले. विंचूदंशावरील संशोधनाने ज्यांचे नाव जगभर झाले ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही आले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: शिधावाटपाच्या दुकानांतून आलेल्या गव्हात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर होते, आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांतही ते अतोनात वाढलेले आढळले. जे शरीराला कणभर हवे, तेच मणभर झाले की विष होते.

या प्रकरणातून घेण्यासारखा धडा आमच्या मते असा आहे. कारण शोधण्यास प्रयोगशाळा लागली हे खरे. पण प्रयोगशाळेकडे वाट दाखविली ती यादीने. कोणत्या गावी, कोणत्या घरी, कोणत्या आठवड्यात, घरातील कितीजणांस, हे जोवर लिहिले गेले नव्हते तोवर सर्व तर्क सारखेच खरे आणि सारखेच खोटे होते. अफवेचा नाश उपदेशाने होत नाही. तो नोंदीने होतो.

आता याच परिसरातील दुसरे दुःख पाहा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच मिळत नसेल तेथे २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. या पट्ट्यातील कित्येक हातपंपांचे पाणी ही दुसरी मर्यादाही ओलांडते. मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे दगावल्याच्या वार्ता संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतून गेली अनेक वर्षे येत आहेत. खारे पाणीच याचे कारण, असे गावकरी म्हणतात, आणि त्यांच्या अनुभवास कोणी तुच्छ लेखू नये. तथापि मधुमेह, रक्तदाब, अंगदुखीवर मनास येईल तशा घेतलेल्या गोळ्या, आणि रणरणत्या उन्हात पाण्यावाचून केलेले काम यांनीही मूत्रपिंडे निकामी होतात. यांपैकी कोणाचा वाटा किती, हे ठरवावयाचे तर कोणत्या घरी आजार आहे, ते घर किती वर्षे कोणत्या विहिरीचे पाणी पीत आहे, घरातील माणसे काय काम करतात, याचा ताळा गावोगाव जमला पाहिजे.

केस गळाले ते चारचौघांस दिसले. म्हणून काही आठवड्यांतच राजधानीपर्यंत बोभाटा झाला. मूत्रपिंड झिजते ते कोणास दिसत नाही. माणूस एकटा झिजतो, घर एकटे कर्जात बुडते. पुष्कळांचे केस पुन्हा उगवले. झिजलेले मूत्रपिंड पुन्हा उगवत नाही. जे डोळ्यांस दिसते त्याची दखल सारेच घेतात. जे दिसत नाही ते दिसावे यासाठीच तर आकडे हवेत.

शिवाय गाव ही देखील एक सरासरीच आहे, हे विसरता कामा नये. खारपाणपट्ट्यातील एकाच गावात सधन घरी विकतच्या पाण्याचा जार येतो, आणि मोलमजुरी करणारे घर हातपंपाचे खारे पाणी पिते. वान धरणाचे पाणी आणणारी १४० गावांची योजना त्या भागासाठी आहे. पण नळ कोणत्या गल्लीत रोज येतो आणि कोणत्या वस्तीत चार दिवसांनी, हे गावाच्या नावापुढे "नळपाणी आहे" असे लिहिल्याने समजत नाही. ज्यांचे दुःख अधिक त्यांचा आवाज लहान, असाच जगाचा रिवाज दिसतो. म्हणून वस्तीवार मोजल्यावाचून न्याय होत नाही.

आणखी एक आकडा सांगतो, आणि तो पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे आपल्या जिल्ह्यात २००१ साली ९०८ मुली होत्या. २०११ साली त्या ८५५ उरल्या. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा त्याच काळात ९१३ वरून ८९४ वर आला. म्हणजे राज्य उतरले त्याहून आपण पुष्कळच खाली उतरलो. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ सालचा आहे, तरीही हे घडले. प्रत्येक घरास विचारा, "आम्हांस देवाने मुलगाच दिला" एवढेच उत्तर मिळेल, आणि एकेका घरापुरते त्याविषयी शंका घेण्यास जागाही नसेल. परंतु सगळी घरे एकत्र मोजली की निसर्गाच्या हिशेबात न बसणारी तूट उघडी पडते. ही तूट कोणा एकाची नाही, म्हणूनच ती आपणा सर्वांची आहे.

मोजणीचे सामर्थ्य जगाने प्रथम नीट ओळखले ते लंडन शहरी १८५४ साली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याभोवती पटकीची साथ भडकली आणि दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे मेली. पटकी दुर्गंधीयुक्त हवेने होते, असा त्या काळच्या बहुतेक वैद्यांचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची यादी घेतली, घरे शोधून काढली, आणि बहुतेक मृत्यू एका सार्वजनिक पंपाच्या आसपास घडल्याचे दाखविले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. जवळ राहूनही जे वाचले ते का वाचले, हेही त्यांनी विचारिले. तेव्हा बिअरच्या कारखान्यातील मजूर व निर्धनांच्या आश्रमातील लोक त्या पंपाचे पाणी पीत नव्हते, असे निघाले. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागलीच होती. परंतु रोग पाण्यातून पसरतो, या सिद्धान्तास तेथे बळ मिळाले. त्याच वस्तीतील हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण धर्मोपदेशकास स्नो यांचे म्हणणे मुळीच पटले नव्हते, आणि ते खोडून काढण्याच्या हेतूनेच तो घरोघर चौकशी करीत फिरला. तो वस्तीतला असल्यामुळे लोकांनी त्याला मोकळेपणे सांगितले. आणि अखेर त्याच्याच टिपणांनी स्नो यांचे म्हणणे खरे ठरविले. आपल्या मताच्या विरुद्ध गेलेला आकडा जो लपवीत नाही, तोच मोजणी करण्यास पात्र, हे त्या तरुणापासून शिकावे.

आपल्या महाराष्ट्रातही असे दीप आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम आरंभिले, आणि गावातील साध्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांनाच आरोग्याच्या कामी तयार केले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून काम करताना गावातील प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यू टिपण्याचा नेम धरिला. तेथील ३९ गावांत गावच्याच स्त्रिया नवजात अर्भकांचे वजन करू लागल्या, त्यांना ऊब देऊ लागल्या, जंतुदोष ओळखून औषध देऊ लागल्या. या कामाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे ६० नवजात बालके दगावत होती, तर या गावांत सुमारे २५. हा वृत्तान्त १९९९ साली लॅन्सेट या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावातील बाईने वहीत घातलेल्या आकड्यांनी जगातील पंडितांस विचार करावयास लाविले!

कोणी म्हणेल, आपल्या गावी वह्यांची वाण कोठे आहे? ते खरेच आहे. अंगणवाडी सेविका मुलांचे वजन टिपते. आशाताईंच्या वहीत गरोदर बाया आहेत, लसी आहेत, क्षयाचे रोगी आहेत. जन्म व मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवावा असा १९६९ चा कायदा आहे. गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याची पेटी वापरावयास शिकविण्याची योजना जलजीवन मिशनमध्ये आहे. परंतु या सर्व वह्यांतील आकडे वर जातात: गावातून तालुक्यास, तालुक्यातून जिल्ह्यास, जिल्ह्यातून मुंबईस. वर जाताना त्यांची बेरीज होते, आणि बेरजेत गाव बुडून जाते. खाली परत येते ती सरासरी. ज्या आईच्या मुलाचे वजन केले तिला आपल्या वस्तीत अशी किती मुले आहेत हे कळत नाही. आमचा आक्षेप आहे तो येथे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गावाने आपली एक आरोग्यवही ठेवावी, आणि तिच्या कामी हायस्कुलातील विद्यार्थ्यांनी हात लावावा. कामे थोडी असावीत, पण नेमाने व्हावीत. गावातील प्रत्येक विहिरीचे व हातपंपाचे क्षार वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, मोजावेत; त्याचे लहान यंत्र शाळेला परवडेल असे असते. नळ कोणत्या वस्तीत किती दिवसांनी येतो हे लिहावे. वर्षभरात किती मुलगे व किती मुली जन्मल्या, ते ग्रामपंचायतीच्या नोंदींवरून काढावे. शाळेच्या हजेरीपटावरून कोणत्या महिन्यात तापाने किती दिवस बुडाले, आणि ते कोणत्या वस्तीतील मुलांचे, हे मांडावे. हजेरीपट ही आरोग्याचीच वही आहे, आपण तिला आजवर तशी वाचिली नाही एवढेच. ही चार कोष्टके २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरणाऱ्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत. "आमच्याकडे पाणी वाईट आहे" असा अर्ज फडताळात पडून राहतो. "आमच्या सात हातपंपांपैकी पाचांचे पाणी मानकाबाहेर आहे, ही पाहा तारीखवार नोंद," असा अर्ज बाजूस सारणे अधिकाऱ्यास अवघड जाते.

या कामी काही पथ्ये मात्र कडकपणे पाळली पाहिजेत. कोणाच्याही आजाराचे नाव मुलांनी विचारू नये, व वहीत माणसाचे नाव येऊ नये. वस्ती व संख्या एवढेच पुरे. शेगावकडील गावांना जी लाज निष्कारण सोसावी लागली, ती आपल्या वहीमुळे कोणाच्या वाट्यास येता कामा नये. एखाद्या वस्तीचा आकडा वाईट निघाला तर तो त्या वस्तीचा दोष न मानता तिच्यापर्यंत न पोहोचलेल्या सोयीचा दोष मानावा. दुसरे असे की, लहान गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून निकाल देऊ नये. पाचशे वस्तीच्या गावी एका वर्षी एक मृत्यू आणि पुढील वर्षी तीन झाले, तर रोगराई तिप्पट वाढली असे सिद्ध होत नाही. चार-पाच वर्षांचे आकडे जमवावेत, शेजारच्या गावांचे पडताळून पाहावेत, आणि मग बोलावे. आकड्यांना उतावळा मनुष्य मानवत नाही.

"आकड्यांनी का रोग बरा होतो?" असे काही पालक विचारतील. होत नाही, थर्मामीटरनेही ताप उतरत नाही. पण ताप किती हे न पाहता औषध देणाऱ्या वैद्यावर आपण विश्वास ठेवीत नाही. "हे सरकारचे काम," असेही कोणी म्हणेल. सरकारचे काम सरकारने करावेच. परंतु मागावयाचे काय, हे ज्याला नेमके सांगता येत नाही त्याच्या पदरात दुसऱ्याच्या गरजेची वस्तू पडते. "मुलांचा अभ्यास बुडेल," ही शंका तर सर्वांत दुबळी. त्रैराशिक, शेकडेवारी, आलेख, रसायन, भूगोल या सर्वांचा अभ्यास एका हातपंपापाशी होतो, आणि तेथे शिकलेले मूल ते परीक्षेनंतर विसरत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण शिकून पुण्यास, नागपुरास, मुंबईस जाल. तेथे कोणी तुमच्या जिल्ह्याविषयी विचारिले तर सरासरी सांगण्यास अनेकजण असतील. तुमच्या गावच्या विहिरीचे पाणी पाच वर्षांपूर्वी कसे होते आणि आज कसे आहे, हे मात्र तुमच्यावाचून कोणी सांगू शकणार नाही. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत आले. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या वस्तीतील एका विहिरीपासून आरंभ करावा, आणि जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा दप्तरात ते पहिले पान घेऊन यावे.